पोटात गोळा येत नाही

मे महिन्याच्या सुट्टीत पुण्याहून भाचा आला तो बेत कागदावर लिहूनच. नऊ रात्री, नऊ सिनेमे. ‘स्टार वॉर्स’ची मुख्य मालिका, थेटरांत ज्या क्रमाने लागली त्या क्रमाने, एकही न गाळता. आईने कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचला आणि विचारलं, ‘‘घट पण बसवायचेत का रे?’’

आम्ही इंदूरच्या राजेंद्रनगरातले. म्हणजे घरात मराठी, पण मधूनच ‘भिया’ निघून जातं आणि पोह्यांवर जीरावण मसाला नसेल तर बशी मागे सरकवली जाते. आमच्या हॉलमधले प्रेक्षक चार. भाचा, मी, आई आणि मागच्या गल्लीतले काका. काका एका बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झाले त्याला वीस वर्षं होतील, पण अजून कुणाच्या लग्नाला गेले की अक्षता घेण्याआधी मांडवाचा खांब हलवून बघतात. बायकोला मी प्रेक्षकांत धरत नाही, ती जाऊन-येऊन असे. तरी गोष्ट सगळ्यांत आधी तिलाच कळे.

पहिल्या रात्री १९७७ चा पहिला सिनेमा. त्यात साम्राज्यवाल्यांनी ‘डेथ स्टार’ नावाचा चंद्राएवढा वाटणारा लोखंडी गोळा बांधलेला असतो. खटका दाबला की समोरचा ग्रह गायब. राजकन्या लेयाला उभं करून, तिच्या डोळ्यांदेखत, तिचाच अल्डरान ग्रह उडवतात. आई गवार मोडत बसली होती. तिचा हात थांबला.

‘‘हिची आई होती का रे तिथे?’’

‘‘सगळेच होते, आजी.’’

त्या रात्री गवार अर्धीच राहिली. मीही पन्नाशीचा माणूस, पण खरं सांगतो, पोटात गोळा आला.

मग तो गोळा फोडायची मसलत सुरू झाली. नकाशात दिसलं की त्याला वाफ बाहेर सोडायचं एक भोक आहे, दोन मीटर रुंद. त्यात नेमका टॉर्पेडो टाकला की सगळं खलास. काका ताडकन उठून बसले. ‘‘दोन मीटर? आणि जाळी नाही?’’ भाचा म्हणाला, ‘‘आजोबा, एवढ्याशा विमानातून कुणी येईल असं त्यांना वाटलंच नव्हतं.’’ काका म्हणाले, ‘‘अरे, आम्ही हातभर नालीवरसुद्धा जाळी बसवायचो. चोरीला जायची ती गोष्ट वेगळी. पण बसवायचो.’’

दुसऱ्या रात्रीचा १९८० चा सिनेमा सगळ्यांत चांगला म्हणतात, आणि त्यात गोळाच नाही. एक बाप, एक मुलगा, मुलाचा मनगटापासून तुटलेला हात आणि बापाच्या तोंडचं एक वाक्य. बस्स. आईने ‘‘बापाने?’’ एवढंच म्हटलं आणि झोपायला निघून गेली. सकाळी चहा करताना पुन्हा म्हणाली, ‘‘बापाने रे?’’

तिसऱ्या रात्री, म्हणजे १९८३ साली, पुन्हा गोळा. अर्धवट बांधलेला, एका बाजूने सळया बाहेर आलेला. बंडखोरांना वाटतं की काम अपुरं आहे तोवर उडवून टाकू, तर कळतं, तोफ आधीच चालू झालेली आहे. काकांनी इथे सिनेमा थांबवायला लावला. ‘‘हे आपल्याकडे शक्य नाही,’’ ते म्हणाले. ‘‘आपल्याकडे बाहेरून रंग पुरा, फीत कापलेली, पाटी लागलेली आणि आत मोटर बसायची राहिलेली असते. इथे सगळं उलटं चाललंय. या ठेकेदाराला मी सलाम करतो.’’ गोळ्याभोवतीचं अदृश्य कवच खाली एंडोरच्या जंगलातून चालवलं जातं, आणि ते बंद पाडायला अस्वलासारखे बुटके प्राणी मदतीला येतात, दगड-लाकडं घेऊन. आईने त्यांना बघताक्षणी ओळखलं. ‘‘ही जांबुवंताची पिल्लं.’’

पुढे गोळा फुटला. आईची गवार मोडून झाली. कुणाच्याच पोटात काही आलं नाही.

इथे मला शंका आली ती अशी. एक ग्रह उडवणारं यंत्र एकदा दाखवून झालं, ते फुटूनही झालं, तर पुढच्या वेळी तेच यंत्र थोडं मोठं करून आणलं की भीतीही मोठी व्हायला हवी. हिशेब चोख आहे, पण भीती त्या हिशेबाने चालत नाही. पहिल्यांदा ग्रह उडाला तेव्हा आम्ही लेयाकडे बघत होतो. दुसऱ्यांदा आम्ही गोळ्याकडे बघत होतो, आणि काका तर सळयांकडे.

मधल्या तीन रात्री राजकारणात गेल्या. १९९९ च्या सिनेमाची सुरुवातच व्यापारी मार्गांवरच्या कराच्या भांडणाने होते. काका खूश. ‘‘हा खरा विषय,’’ म्हणाले. त्यातही शेवटी एक गोलाकार जहाज, मेदुवड्याच्या भोकात गुलाबजाम ठेवल्यासारखं, एक लहान मुलगा आत शिरून उडवतो. भाचा त्याला महाअस्त्र मानायला तयार नव्हता. आईचं म्हणणं, ‘‘गोळा आहे, भोक आहे, फुटला. अजून काय पाहिजे?’’

खरी कमाल सातव्या रात्री, २०१५ च्या सिनेमात. आता गोळा बांधायचीही भानगड नाही, सबंध ग्रहच पोखरून त्याची तोफ केली आहे. ती सूर्य शोषून घेते आणि एका दमात एक नाही, पाच ग्रह उडवते. बंडखोरांच्या बैठकीत कुणीतरी म्हणतं, हा आणखी एक डेथ स्टार दिसतोय. मग हवेत जुन्या गोळ्याचं चित्र उमटतं, आणि त्याच्या शेजारी नव्याचं, इतकं मोठं की जुना त्याच्यापुढे लिंबाएवढा दिसतो. सगळे थक्क. फक्त म्हातारा हान सोलो थक्क होत नाही. हेही फोडता येईल, कसं तेवढं सांगा, असा त्याचा आव. तो चाळीस वर्षं या मालिकेत आहे, त्याला माहीत असणारच.

हा प्रसंग मी आधी कुठे पाहिलाय ते मला लगेच आठवलं. सराफ्यात. रात्री सोन्या-चांदीची दुकानं बंद झाली की त्यांच्याच ओट्यांवर खाण्याचा बाजार भरतो, हे इंदूरच्या माणसाला सांगायला नको. तिथे ‘जलेबा’ मिळतो. जिलबीच, पण एकच नग पाव किलोच्या वर भरतो. दुकानदार तो झाऱ्यावर घेतो आणि शेजारी आपली रोजची पोह्यांसोबतची जिलबी धरून दाखवतो. भाच्याला मी तिथे नेलं होतं. त्याने फोटो काढला, चार घास खाल्ले आणि उरलेला माझ्या हातात दिला. चव तीच, फक्त मधली वेटोळी जरा कच्ची. मग आम्ही जोशींच्या दहीवड्यापाशी गेलो. तिथला वडा काही मोठा नाही. पण दह्याने भरलेला दोना वर हवेत भिरकावला जातो, गिरकी घेतो, आणि खाली हातात येईपर्यंत समोरची सगळी गर्दी श्वास धरून असते. आपल्या अंगावर पडतो की काय! एक थेंब सांडत नाही. भाच्याने तो तीन वेळा फेकायला लावला.

काकांची सातव्या भागाबद्दलची हरकत वेगळीच होती. ‘‘हा सूर्य ओढून घेतो ना? मग पुढच्या वेळी काय करणार? एकदा वापरून फेकायचं? इंदुरात दंड बसेल.’’

महाअस्त्रांच्या बाबतीत इंदूर तसं मागासलेलं नाही. रंगपंचमीला राजवाड्यासमोरून गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, निघते. होळीला बाकीचं जग रंग खेळून आंघोळ करून मोकळं होतं, आम्ही पाच दिवस दम धरतो आणि मग लाखोंच्या गर्दीने रस्त्यावर उतरतो. गेरीत ट्रकवर चढवलेली नळकांडी असतात, त्यांतून गुलाल इमारतींच्या गच्च्यांवरून उडतो. त्यांना इथे सरळ ‘मिसाइल’ म्हणतात. रंगाच्या पाण्याचे टँकर वेगळे. दर वर्षी एकेका गेरीचा दावा असतो की यंदा आमचं मिसाइल जास्त उंच जाणार, आणि दर वर्षी जातंही. आकाश गुलाबी होतं, सगळे हात वर करून नाचतात, घाबरत कुणी नाही. रंगपंचमीला मी आजवर एकदाच घाबरलो. कॉलेजात असताना आमच्याच वर्गातला एक मुलगा जिन्याखालून शांतपणे चालत आला, एक हात पाठीमागे धरून. हसत होता. त्याच्या मुठीत काय होतं? खिडक्यांच्या गजांना लावतात तो चांदीचा ऑइलपेंट. मी तीन गल्ल्या पळालो. ते चिकटलेले केस अजून विसरलो नाही.

आणि खरे लेसर बघायचे तर तेही आमच्या घरापासून फार लांब नाहीत. राजेंद्रनगरातून पुढे गेलं की राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र लागतं. जुने लोक अजून त्याला ‘कॅट’च म्हणतात. १९८३ मध्ये सिनेमातला दुसरा गोळा फुटला आणि १९ फेब्रुवारी १९८४ रोजी राष्ट्रपती झैलसिंग यांनी कॅटची पायाभरणी केली. काकांच्या मते तिकडचे बेकार झालेले गवंडी इकडे आले. आत ‘इंडस-२’ नावाचं एक कडं आहे, परीघ सुमारे १७२ मीटर. त्यात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरवतात आणि वळताना त्यांच्यातून जे क्ष-किरण बाहेर पडतात त्यांत शास्त्रज्ञ निरनिराळे पदार्थ धरून तपासतात. लेसर वापरून तोंडाच्या कर्करोगाची खूण ओळखायचं यंत्रही तिथे तयार झालंय. हे सगळं मी भाच्याला मोठ्या अभिमानाने सांगितलं. त्याने विचारलं, ‘‘मामा, त्याने काही उडवता येतं का?’’ नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. पण पानपट्टीवरच्या गुटख्याच्या माळा रोज बघणाऱ्या माणसाला त्या यंत्राची जी धास्ती वाटते ती डेथ स्टारची वाटत नाही, हे त्याला चौदाव्या वर्षी कसं कळावं.

आठव्या रात्री जुन्याच तंत्राची एक बारकी तोफ आली, दार फोडण्यापुरती. काका म्हणाले, ‘‘उरलेल्या मालातून केली.’’ पुढे चला.

यंत्र मोठं करत सुटण्याचा हा रोग एका मालिकेचा नाही. ‘इंडिपेंडन्स डे’मध्ये १९९६ साली परग्रहावरून आलेलं एकेक जहाज एकेका शहरावर सावली धरून उभं राहायचं. त्या सावलीने अंगावर काटा आला होता. वीस वर्षांनी दुसरा भाग आला तेव्हा जहाज अटलांटिक महासागर झाकून बसलं. आता एवढ्या मोठ्या वस्तूची सावली पडते ती दिसणार कुठे? कॅमेऱ्यात मावेना. याउलट आपल्या महेश कोठाऱ्यांचा तात्या विंचू घ्या. १९९३ साली ‘झपाटलेला’ आला. मराठी सिनेमे इंदुरात क्वचित लागायचे, म्हणून आम्ही मुंबईहून आलेल्या पाहुण्यांकडून कॅसेट मिळवून तो पाहिला. एका खुनशी माणसाचा आत्मा रामदास पाध्यांच्या बाहुल्यात शिरतो. बाहुल्याची उंची ती किती! पण त्या रात्री आमच्या घरात पलंगाखाली कुणी चप्पल शोधायला वाकलं नाही. वीस वर्षांनी त्याचाही दुसरा भाग आला, थ्रीडीत. पण कोठाऱ्यांनी तात्या विंचूला पाचमजली केलं नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

नववा, २०१९ चा. आता सूर्यही नको आणि गोळाही नको. शेकडो जहाजं, आणि प्रत्येक जहाजाच्या पोटाशी ग्रह उडवणारी एकेक तोफ. ज्या वस्तूसाठी पूर्वी साम्राज्याचा खजिना रिकामा व्हायचा ती आता ठोकमध्ये मिळू लागलेली. भाचा आकडे सांगत होता. आईला डुलकी लागली.

ती जागी झाली ती एका दृश्याला. नायिका एका खवळलेल्या समुद्रावर येते, आणि समोर १९८३ मध्ये फुटलेल्या त्या गोळ्याचा सांगाडा, लाटांत अर्धा बुडालेला, गंजत पडलेला. कथेतली तीसएक वर्षं झालीत.

‘‘एवढ्या वर्षांत उचलला नाही?’’ आई म्हणाली.

इंदूरकराला याहून मोठा धक्का देता येणार नाही. आमचं शहर २०१७ पासून स्वच्छतेत वर्षामागून वर्ष देशात पहिलं आलं. गेर संपून लोक घरी पोचत नाहीत तोवर मागून झाडूवाले आणि पाण्याच्या गाड्या येऊन राजवाड्याचा रस्ता धुऊन मोकळा करतात. गच्चीवर रंगाने माखलेलं शहर आणि खाली चकाचक डांबर, असं दृश्य मी पाहिलंय. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘‘पण तो टाकायचा कशात? ई-कचरा की घातक?’’ आमच्याकडे कचरागाडीला सहा कप्पे आहेत. त्यावर दहा मिनिटं चर्चा झाली. काकांचं मत घातक, कारण आत बॅटऱ्या असणार. खरं सांगायचं तर त्या नऊ रात्रींतली ही सर्वांत चुरशीची दहा मिनिटं. महाअस्त्र फुटलं की सिनेमा संपतो, ढोल वाजतात, अस्वलं नाचतात. तुकडे कुणाच्या अंगणात पडले हे कुणी दाखवत नाही.

भाच्याने हट्टाने एक दहावाही लावला, २०१६ चा ‘रोग वन’. पहिल्या गोळ्यात ती खोट मुळात का राहिली, त्याची गोष्ट. ज्याच्याकडून जबरदस्तीने तो बांधून घेतला त्या अभियंत्यानेच ती मुद्दाम आत ठेवली होती. काकांना गहिवरून आलं. चाळीस वर्षांच्या नोकरीत त्यांना असा सुखान्त पाहायला मिळाला नव्हता. ‘‘१९७७ ची दुर्घटना, २०१६ ला चौकशीचा अहवाल,’’ ते बोटांवर मोजत म्हणाले. ‘‘एकोणचाळीस वर्षं. वेळेत आला म्हणायचा. आणि दोष ओव्हरसियरचा नाही, हे लक्षात ठेवा.’’

त्याच रात्री वादळ आलं आणि लाइट गेली. आम्ही ओट्यावर येऊन बसलो. भाचा जरा वैतागलेला होता. ‘‘आजी, तू प्रत्येक सिनेमात रामायण का आणतेस?’’

‘‘मी नाही आणत, त्यांनीच नेलंय,’’ आई म्हणाली. ‘‘तुझ्या त्या गोळेवाल्यांना वाटलं, एवढंसं विमान काय करणार. रावणाने वर मागताना देव, दानव, यक्ष सगळ्यांपासून अभय मागितलं आणि माणसं-वानरं तेवढी सोडली. म्हणाला, ती काय करणार. तेच भोक की.’’

मग तिने जय-विजयाची गोष्ट काढली. वैकुंठाचे दोन द्वारपाल, सनकादिकांना दारात अडवलं म्हणून शाप मिळाला, तीन जन्म विष्णूचे शत्रू होऊन जगायचं. पहिल्या जन्मी हिरण्याक्ष आणि हिरण्यकश्यपू. दुसऱ्या जन्मी रावण आणि कुंभकर्ण. तिसऱ्या जन्मी शिशुपाल आणि दंतवक्र. म्हणजे तीन भागांची मालिका, खलनायक तेच, नायकही तोच.

लहानपणी ही गोष्ट मी कीर्तनांत डझनभर वेळा ऐकली असेन, पण एवढे गोळे फुटताना पाहिल्यावर त्या अंधारात मला त्यातलं एक भलतंच दिसलं. पहिल्या भागात हिरण्याक्ष सबंध पृथ्वी पळवून रसातळाला नेतो, तिला वर काढायला वराह व्हावं लागतं. दुसऱ्या भागात रावण पृथ्वी नाही पळवत, एक सीता पळवतो. आणि तिसऱ्या भागात शिशुपालाकडे काय आहे? नुसती जीभ. तो भर यज्ञात उभा राहून शिव्या देतो. कुठल्याही निर्मात्याने ही फाइल तोंडावर फेकली असती. अहो, धोका वाढायला हवा, तुमचा तर उतरत चाललाय!

‘‘कृष्णाने आत्याला शब्द दिला होता,’’ आई सांगत होती. ‘‘तुझ्या पोराचे शंभर अपराध पोटात घालीन. मग राजसूय यज्ञात अग्रपूजेचा मान कृष्णाला मिळाला आणि शिशुपाल पेटला. उठला आणि सुरू झाला. गवळ्या!’’

‘‘एक,’’ भाचा म्हणाला.

‘‘लोणीचोरा! रण सोडून पळणाऱ्या! मामाला मारणाऱ्या!’’

भाच्याने माझ्याकडे बघितलं. ‘‘चार.’’

पुढच्या शिव्या महाभारतात नक्की नसाव्यात. काही तर सराफ्यातल्या होत्या. काकांनीही दोन-तीन आपल्या खात्यातल्या घातल्या. भाचा बोटांची पेरं मोजत होता, दहा झाली की ओट्यावर एक खडा मांडत होता. सत्तरीला तो हसत होता. ऐंशीला त्याचं हसू थांबलं. ‘‘कृष्ण काय करतोय?’’ त्याने विचारलं. ‘‘काही नाही,’’ आई म्हणाली. ‘‘बसलाय. ऐकतोय.’’ नव्वदीनंतर आई मुद्दाम सावकाश बोलू लागली. एक शिवी, मग थोडी शांतता, मग दुसरी. बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली होती ती तशीच दारात उभी राहिली.

‘‘नव्व्याण्णव,’’ भाचा म्हणाला. आवाज बारीक झाला होता.

आईने हात पुढे केला, तांब्या घेतला आणि पाणी पिऊ लागली. घोट घोट. तेवढ्यात लाइट आली. आत टीव्ही आपोआप सुरू झाला आणि दहा सिनेमांची रांग पडद्यावर झळकली. भाच्याने मान न वळवताच रिमोट चाचपून तो बंद केला. डाव्या हाताचं शेवटचं पेर अजून मोजायचं राहिलं होतं.